मदत हवी आहे: एल कॅपिटन, वय ४६ आणि जुमार

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा प्लीज.

मी मूळची ठाण्याची, गेली १७ वर्षं सॅन होजेला. कॉलेजात असताना मुंब्र्याच्या कातळावर प्रस्तरारोहण शिकले, मग नागफणी, तैलबैला, जीवधनची वानरलिंगी वगैरे झालं. आमच्या सरांकडे एक जुनं अमेरिकन मासिक होतं, पानं सुटलेली, त्यात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्याचा फोटो. भिंत एवढी अवाढव्य की तिच्यावरची माणसं शोधायला लागायची, सर बोट ठेवून दाखवायचे, "हा बघ, हा लाल ठिपका". तो ठिपका डोक्यात बसला तो बसलाच. मग लग्न, व्हिसा, दोन मुलं, त्यात हार्नेस माळ्यावर गेलं. आता योसेमिटी घरापासून चार तासांवर आहे, भारतातून पाहुणे आले की नेतेच, ते सगळे खाली कुरणात उभे राहून फोटो काढतात आणि मी दुर्बीण लावून ठिपके शोधत बसते, नवरा म्हणतो पुरे आता भूक लागलीये.

धाकटा यंदा कॉलेजला गेला. मी तीन वर्षं जिममध्ये क्लायंबिंग करतेय, तिथल्या एका मैत्रिणीनं नोज रूट (एल कॅपिटनवर चढायची एक वाट) दोनदा केलाय आणि ती पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मला न्यायला तयार आहे. साधारण ३००० फूट, ३१ पिच (दोराच्या लांबीएवढे टप्पे), आमचा अंदाज चार दिवस. तिची अट एकच, सगळं लीड ती करणार, म्हणजे पुढे चढून दोर वर तीच नेणार. मी मागून जुमारवर (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) यायचं, तिनं भेगांत लावलेलं गिअर काढत, आणि सामानाची बॅग ओढायला मदत करायची.

आता खरा प्रश्न. ३० वर्षं ज्याची वाट बघितली ते मी दोरावरून लटकत करणार, दगडाला हात कितीसा लागणार? मग ते चढणं झालं का? की अजून दोन वर्षं थांबून लीड करण्याइतकं तयार व्हावं? तेव्हा मी ४८ ची असेन आणि उजवा गुडघा आत्ताच कुरकुरतोय. शिवाय इथला ग्रॅनाइट म्हणजे आपला बेसाल्ट नव्हे, सरळसोट भेगा, त्यात हाताचा पंजा कोंबून जॅम करायचा, ते मला अजून नीट येत नाही, हाताची सालटी निघालीयेत, ऑफिसात टायपिंग करताना लोक बघतात.

बाकी बारीक शंका: पाणी किती न्यायचं, शी-शूचं काय (हसू नका), आणि आईला सांगायचं का.

---

कातळवेडा
पहिला प्रश्न तर बाद करा ताई. आपण वजीर सुळका केला तेव्हा पहिला गडी सोडला तर बाकी सगळे फिक्स (वर बांधून ठेवलेल्या) दोरावर जुमार मारतच वर गेले होते ना? घरी येऊन सगळ्यांनी "वजीर केला" असंच सांगितलं, कुणी विचारलं का दोर धरून गेलात की दगड धरून. आणि नोज पहिल्यांदा झाला १९५८ साली, वॉरन हार्डिंगच्या टीमनं १८ महिने खाली-वर करत, फिक्स दोर लावून केला. शेवटच्या ओव्हरहँगवर (बाहेर झुकलेल्या कातळावर) तर हार्डिंग रात्रभर बोल्टची भोकं पाडत बसला होता. त्याला कुणी चढला नाही म्हणत नाही.

निवांतगिरी
वरच्यांशी असहमत, थोडासा. सगळंच लीड सोडू नका. मी एकदा अर्ध्यातून परतलोय त्यामुळे सल्ला देण्याचा अर्धाच हक्क आहे, पण सिकल लेज या कातळातल्या टप्प्यापर्यंतच्या पहिल्या चार पिचमधली निदान एखादी मागून घ्या. नाहीतर स्टोव्हलेग क्रॅक्समधली एक. हार्डिंगच्या लोकांनी तिथे भंगारातल्या शेगडीचे पाय पिटॉन (भेगेत ठोकायचे खिळे) म्हणून ठोकले होते, त्यावरून नाव पडलं. तिथली भेग बरोब्बर पंजाच्या मापाची आहे, जॅमिंग आलं तर मजा, नाही आलं तर रडू येईल. म्हणून हा हिवाळा फक्त जॅमिंग, हाताला टेप गुंडाळा, जिमचे रंगीत होल्ड विसरा.

आणि जुमारला कमी लेखू नका. सरळ दोरावर सोपं असतं, दोर आडवा गेला की जीव जातो. नोजवर बूट फ्लेक नावाच्या कातळाच्या वरून किंग स्विंग आहे, लीडर लंबकासारखा भिंतीवर धावत धावत पलीकडची भेग पकडतो, ते सगळे व्हिडिओत बघतात. दुसऱ्यानं तिथून स्वतःला लोअर आउट कसं करायचं, म्हणजे दोरानं हळूहळू बाजूला कसं सोडायचं, ते कुणी बघत नाही, आणि तुमचं काम नेमकं तेच. आधी जमिनीपासून दहा फुटांवर पन्नास वेळा करा. दर थोड्या अंतरावर दोराला खाली बॅकअप गाठ मारायची, कंटाळा आला तरी.

आधी योसेमिटीतल्याच वॉशिंग्टन कॉलम कड्याची साउथ फेस करा, डिनर लेजवर एक रात्र झोपा. तिथे झोप लागली तर पुढचं बोलू. आणि नोजवर डोल्ट टॉवरपर्यंत गेल्यावर नाही झेपलं तर रॅपल करून (दोरावरून) उतरता येतं, बरेच लोक तिथूनच परत येतात. (मी त्यातलाच.)

पाचाड_ते_पालो_अल्टो
पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरा. दोघी, चार दिवस, म्हणजे ३२ लिटर, नुसत्या पाण्याचे ३२ किलो! ती बॅग ओढणं हाच खरा व्यायाम, गुडघ्याची काळजी तिथे करा. शी पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा बॅगच्या खाली लोंबकळत, सगळं वर न्यायचं आणि पलीकडून ईस्ट लेजेसच्या वाटेनं उतरवून खाली आणायचं. भिंतीवरून काही फेकलंत तर खालचे शिव्या घालतील, आणि बरोबरच आहे. भिंतीवर मुक्काम म्हणजे परमिट लागतं, पैसे पडत नाहीत.

आईला परत आल्यावर सांगा. माझ्या आईनं लिंगाण्याचा फोटो बघून तीन दिवस जेवण सोडलं होतं.

---

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं.

@कातळवेडा, वजीरचं वाचून हसले, कारण मीही तेच सांगत फिरायचे. तरी निवांतगिरींचं जास्त पटलं. मैत्रिणीला काल फोन केला, एक पिच मला दे म्हटलं. ती म्हणाली मार्चमध्ये तुझं जॅमिंग बघते, मग ठरवू. म्हणजे नाही म्हणाली नाहीये.

लोअर आउटचं मला खरंच माहीत नव्हतं. मी किंग स्विंगचे दहा व्हिडिओ बघितले असतील, मागचा माणूस कसा आला हे एकदाही मनात आलं नाही.

शनिवारी परसातल्या ओकला पुली लावली, २० पौंडाच्या तांदळाच्या चार पिशव्या एका डफलमध्ये भरून ओढून बघितल्या. दोन फूट वर गेली आणि मी बसले. शेजारच्या आजी कुंपणावरून विचारत होत्या काय चाललंय, नवऱ्यानं परस्पर सांगून टाकलं, "रिमॉडेलिंग".

मार्चमध्ये याच धाग्यावर अपडेट देते. तोवर टेप कुठला चांगला ते सांगा, माझा घामानं सुटतोय.