अभिषिक्ताला, म्हणजे पास्टरला, प्रश्न विचारायचा नाही म्हणे!

बिरुयाकर, भायखळा
काल आमच्या चर्चच्या मंडळीच्या गटात पोस्ट फिरली: 'देवाच्या सेवकाच्या उपदेशात चुका काढणारेच खोट्या शिकवणीत आहेत. प्रश्न नको, विश्वास हवा.' खाली 'आमेन'ची रांग. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

बिरुया या ग्रीक गावच्या लोकांनी साक्षात प्रेषित पौलाचा उपदेश रोज शास्त्र उघडून पडताळला. बायबलात प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. पौलाला चाललं, आणि भाड्याच्या हॉलमधल्या पास्टरला चालत नाही?

माझ्या मावशीला वीस वर्षांचा मधुमेह. सभेत डोक्यावर हात ठेवून सांगितलं, 'तू बरी झालीस, आता सुई घेतलीस तर तो अविश्वास.' इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, तसंच पडून राहिलं. अठराव्या दिवशी पहाटे टॅक्सीत घालून नेली. वाचली, पण डाव्या पायाचा अंगठा गेला. हॉलवाल्यांचं उत्तर? विश्वास कमी पडला!

पौलाने आपल्या सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. दुसरा सोबती त्रफिम, त्याला तर मिलेत गावात आजारीच ठेवून पुढे गेला. त्यांचाही विश्वास कमीच म्हणायचा का?

विरार_स्लो
मावशींचं वाचून वाईट वाटलं. पण एकाच्या पापासाठी सगळ्या सभा झोडपू नका. माझे बाबा दारूतून सुटले ते अशाच एका सभेत. त्याआधी तुमच्यासारख्याच दगडी चर्चमध्ये आमच्या तीन पिढ्या बसल्या. बाबा चार वर्षं उपासनेला नव्हते, चर्चच्या एकाही वडीलधाऱ्याने दार वाजवलं नाही. वर्गणीची पावती मात्र वेळेवर यायची.
आणि खोटी शिकवण शोधायचीच तर घरात बघा. उपासनेत टाळ-पखवाज, अभंग! ही भेसळ नाही?

पखवाजवाला
भेसळ?? ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली याच मुंबईत झाला. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतः सांगत. त्याआधी १६१६ मध्ये फादर स्टीफन्सनी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं. तुमच्या सभेतला कीबोर्ड आणि धूर सोडायचं मशीन काय यरुशलेमेहून आलं?

विरार_स्लो
धुराला कोणी खोट्या देवाची आठवण म्हणत नाही. पुलावरून आलात, बरं झालं. मग पुलावरच बिऱ्हाड का?

पखवाजवाला
तोच १७ वा अध्याय पुढे वाचा, वचन २८. अथेन्सात पौल ग्रीक कवींचे शब्द वापरतो. तो भेसळवाला झाला का?

विरार_स्लो
दाखला दिला. झांजा नाही वाजवल्या.

पखवाजवाला
झांजा स्तोत्र १५० मध्ये आहेत. शास्त्र उघडत जा अधूनमधून.

वसईची_नात
आम्ही कॅथलिक, मध्ये बोलू का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे आमची उपासना, लॅटिनमधून मराठीत आली, तेव्हा आमची आजी महिनाभर रुसली होती. म्हणे, एवढ्या साध्या भाषेत देवाशी बोलतात होय? पुढे तीच सगळ्यांत मोठ्याने उत्तरं द्यायची. तुम्ही टाळांवर भांडताय आणि मूळ प्रश्न मावशींच्या सुईचा होता.

बिरुयाकर, भायखळा
धन्यवाद ताई. कोणाला तरी आठवलं.

विरार_स्लो
बरं, औषध बंद करायला सांगणं चूक. शंभर टक्के चूक. झालं समाधान? आमचे पास्टर स्वतः बीपीची गोळी घेतात, हेही लिहून ठेवा. अभंगांचं मात्र मला पटलेलं नाही.

बिरुयाकर, भायखळा
गोळी घेणाऱ्या पास्टरांना माझा सलाम सांगा. आणि तुमच्या बाबांचं दार आमच्या लोकांनी वाजवलं नाही, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याही यादीत अशी नावं आहेत.

मावशी अजून त्याच सभेला जाते. भांडून पाहिलं, ऐकत नाही. हल्ली मीच तिला स्टेशनपर्यंत सोडतो. गाडी यायच्या आत तिची पिशवी उघडतो, शास्त्राखाली पेन आहे का बघतो. दोनदा नव्हतं.