निकोलाए स्तान्चूने करिअर वाया घालवलं म्हणणाऱ्यांशी माझं वाकडं आहे

दहानंबरी (धागाकर्ता)
युरो 2024 ची रोमानिया-युक्रेन मॅच आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला होती त्यामुळे बऱ्याच जणांनी बघितली असेल. युक्रेनच्या लुनिनने बॉल क्लिअर करताना माती खाल्ली, तो गेला रोमानियाच्या डेनिस मानकडे, मानने पुढे दिला आणि रोमानियाच्याच मिडफिल्डर स्तान्चूने न थांबवता पहिल्याच टचला बॉक्सच्या बाहेरून वरच्या कोपऱ्यात हाणला. लुनिन काही ऐरागैरा नाही, रेआल माद्रिदचा गोलकीपर. नंतर त्याच मॅचमध्ये स्तान्चूने कॉर्नर असा वळवला की बॉल थेट बारवर. रोमानिया 3-0 जिंकली, आणि युरोत मॅच जिंकायला त्यांना 24 वर्षं लागली होती, आधीची 2000 साली इंग्लंडविरुद्धची.

आणि आमच्या ग्रुपवर लगेच सुरू, हा सौदीत दमाक क्लबला खेळतो, केवढं टॅलेंट पाण्यात गेलं. अरे पण मागचं बघा ना. रोमानियात स्तेआवाकडून 2 लीग टायटल, 2016 ला बेल्जियमच्या अँडरलेख्तने मोठी रक्कम मोजून नेला, तिथे पहिल्याच सीझनला बेल्जियमची लीग, मग स्पार्टा प्राग, थोडे महिने सौदीत अल-अहली, मग स्लाविया प्राग, चीनमध्ये वुहान, दमाक, आणि 32 व्या वर्षी 2025 ला इटलीच्या जेनोआने घेतला. शिवाय देशाचा कॅप्टन. ह्याला वाया गेलेलं करिअर म्हणायचं असेल तर मग कमावलेलं कशाला म्हणायचं ते तरी सांगा.

काउंटरअटॅक
असहमत. तुम्ही लिस्ट दिलीत पण तारखा गाळल्यात. 2019 च्या जानेवारीत तो अल-अहलीला गेला तेव्हा वय 25. पंचवीस! रोनाल्डोच्या आधीचं सौदी होतं ते, तिथे कोण बघत होतं? स्लावियात परत जम बसला होता, युरोपात नाव झालं होतं, तर 2022 ला चीन. आणि चीनमध्ये तेव्हा काय चाललंय हे सगळ्यांना दिसत होतं, 2020 चा चॅम्पियन जिआंगसू 2021 च्या सुरुवातीलाच बंद पडला होता, परदेशी खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आली होती. तरी गेला. पुढे वुहान सोडलं आणि हा परत सौदीत.

पैसे कमावण्याला माझी काही ना नाही, फुटबॉलरची कमाईची वर्षं मोजकीच असतात. पण मग तसं म्हणा ना, तो ग्रेट करिअर करून गेला असं नका म्हणू. इटली, स्पेन, जर्मनी, इंग्लंड, फ्रान्स ह्यातली एकही लीग वयाच्या 32 पर्यंत नाही. जेनोआला गेला ते चांगलंच झालं पण तोवर पाय जड झाले होते.

दहानंबरी
काउंटरअटॅक, स्लाविया एका ओळीत उडवू नका, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. 2020-21 ला स्लाविया लीगमध्ये एकही मॅच हरली नाही. युरोपा लीगमध्ये लेस्टर बाहेर, मग रेंजर्स. ते कोच जेरार्डचे रेंजर्स, जे त्या सीझनला स्कॉटलंडच्या लीगमध्ये एकही मॅच हरले नाहीत. प्रागमध्ये 1-1, गोल स्तान्चूचा, सातव्या मिनिटाला. आयब्रॉक्सवर 2-0, दुसरा गोल त्याची फ्री किक. ती फ्री किक पुन्हा बघा, अंतर बरंच, भिंत उभी, आणि बॉल भिंतीवरून जाऊन असा आत शिरला की त्यांचा गोलकीपर मॅकग्रेगर काही करू शकला नाही. दोन्ही लेगला गोल करून टाय काढून देणारा माणूस कुठल्या लीगमध्ये खेळतो ह्याने मला काही फरक पडत नाही.

आणि स्पार्टा-स्लाविया म्हणजे प्रागचे कट्टर वैरी, स्पार्टाचा माणूस स्लावियात येणं म्हणजे काय ते प्रागवाल्यांना विचारा. मधे सौदी असलं तरी लोक विसरत नाहीत. तिथे जाऊन टीमचा मुख्य माणूस व्हायला छाती लागते.

काउंटरअटॅक
त्याच स्पर्धेत पुढच्याच राउंडला आर्सेनलने प्रागमध्ये येऊन 4-0 मारले, तेही सांगा की मग.

पाऊसमैदान
मी मधे बोलतो. हाजीचं उदाहरण कुणी कसं दिलं नाही? हाजी रेआल माद्रिदमधून 1992 ला ब्रेशियात गेला, ती टीम सेरी आमधून खाली घसरली आणि रोमानियाचा सगळ्यात मोठा खेळाडू चक्क सेरी बी खेळला. तिथूनच तो 1994 च्या वर्ल्ड कपला गेला, कोलंबियाविरुद्ध डाव्या बाजूने लांबून गोलकीपरच्या डोक्यावरून घातलेला गोल, क्वार्टरफायनलपर्यंत मजल. तेव्हा कुणी म्हणालं का की हा सेकंड डिव्हिजनचा खेळाडू? रोमानियन मिडफिल्डर क्लबमुळे नाही, देशाच्या पिवळ्या शर्टात मोठा होतो, निदान रोमानियात तरी त्याला तसंच मोजतात.

काउंटरअटॅक
पाऊसमैदान, उदाहरण उलटं पडतंय. हाजी ब्रेशियातून वर्ल्ड कपला गेला आणि तिथून बार्सिलोनात! नंतर गालातासरायबरोबर 2000 चा यूएफा कप. तो खाली गेला आणि परत वर चढला. स्तान्चूने युक्रेनला तो गोल मारला, टीम ग्रुपमध्ये पहिली आली, आणि पुढचा सीझन कुठे? दमाक. माझं दुखणं तेच आहे हो. मला तो आवडतो म्हणून तर चिडतोय.

बालेवाडी_ब
2015 ला रोमानियाचाच आद्रियान मुटू पुणे सिटीकडून खेळला, बालेवाडीत प्रत्यक्ष बघितलाय मी त्याला, 36 वर्षांचा होता. त्याचं करिअर कुणी पुण्यावरून मोजत नाही, इटलीतल्या फिओरेंटिनावरून मोजतात. मग स्तान्चूचं दमाकवरून का मोजायचं, स्लावियावरून मोजा. एवढंच.

साधापास
माझं मत जरा वेगळं. मोठ्या क्लबला जाणं म्हणजे करिअर झालं हे डोक्यातून काढा आधी. रझ्वान मारिन बघा, रोमानियाच्या त्याच टीमचा, 2019 ला बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजमधून नेदरलँड्सच्या आयॅक्सने सव्वा कोटी युरो मोजून घेतला. तिथे जम बसला नाही, वर्षभरात इटलीत कालियारीला, ती टीम 2022 ला खाली घसरली, मग लोनवर एम्पोली. नाव मोठं, हाल तेवढेच. युरोत मात्र त्यानेही 2 गोल केले.

दुसरं म्हणजे स्तान्चू ज्या जागेवर खेळतो ती जागाच कमी होत चालली आहे. उंची जेमतेम, जुना दहा नंबर, बॉल पायात हवा, समोर मोकळी जागा हवी. 2016 नंतर मोठ्या लीगमध्ये मिडफिल्डरकडून पहिली अपेक्षा काय तर पळ आणि प्रेस कर. अँडरलेख्तमध्येही कोच बदलला आणि ह्याची जागा गेली. अशा खेळाडूला मोठ्या लीगमधला तळाचा क्लब काय देणार, 70 व्या मिनिटाला उतर आणि कॉर्नर मार. प्रागमध्ये टीम त्याच्याभोवती उभी राहिली. मला हा निर्णय पटतो. चीनचा नाही पटत, ते मात्र काउंटरअटॅक म्हणतात ते बरोबर.

दहानंबरी
साधापास, चीनचंही सांगतो. तेव्हा तो 28-29 चा, मोठ्या लीगमधून दारात कोणी उभं होतं असं मला तरी दिसलं नाही, स्लावियात अजून एक टायटल एवढंच बाकी होतं. आणि चीन-सौदीत जाऊन त्याचा खेळ गंजला असता तर मानलं असतं. पण युरोच्या क्वालिफायरमध्ये रोमानिया 10 मॅचमध्ये एकही हरली नाही, स्वित्झर्लंडच्या वर राहून ग्रुप जिंकला, आणि ह्या काळात मिडफिल्डमध्ये कॅप्टन हाच होता. चीन-सौदीतून येऊन.

काउंटरअटॅक
आणि नॉकआउटला नेदरलँड्ससमोर 0-3. तिथे दर आठवड्याला मोठ्या मॅच खेळणारे अकरा जण होते आणि मधे रोमानियाला बॉलच मिळत नव्हता. तेव्हा मला दमाक दिसलं. तुम्हाला नाही दिसलं?

दहानंबरी
मला त्या दिवशी नेदरलँड्सचा गाकपो दिसला. त्याला अख्ख्या टीमपैकी कुणालाच आवरता आलं नाही, त्यात टॉटनमचा द्रागुशिनही होता. द्रागुशिनवर नाही ना कुणी धागा काढला?