पूर आला की शाळेचाच निधी का अडकतो? राज्याच्या बजेटचं गणित सांगा

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. गाव मांजरा नदीच्या काठाला, मी झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. २०२५ च्या सप्टेंबरात पाणी शाळेत शिरलं, पोषण आहाराच्या तांदळाची पोती भिजली, हजेरीची रजिस्टरं गुरुजींनी आठ दिवस कट्ट्यावर वाळवली तरी पानं चिकटलेलीच. दुसरीच्या खोलीची भिंत अजून ओल धरून आहे अन दुरुस्तीचं विचारलं की म्हणायलेत निधी पुराकडं गेला. शेतकऱ्याला मदत पाहिजेच, मी पण शेतकरीच आहे, पण मग शाळा का उपाशी? दोन्ही बसंल असं बजेट करता येत नाही का?

जुना_लेखनिक:
दादा, माझी सगळी नोकरी लेखा विभागात गेली म्हणून सांगतो. २०२५-२६ च्या बजेटात खर्च साधारण ७ लाख कोटी, महसुली तूट, म्हणजे रोजचा खर्च उत्पन्नापेक्षा जेवढा जास्त तेवढी, ४५,८९१ कोटी अन राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची एकूण तूट, १ लाख ३६ हजार कोटींच्या वर. पगार, पेन्शन, व्याज हे थांबवता येत नाही. शिक्षणाचा आकडा मोठा दिसतो पण त्यातला बहुतेक पगारात जातो, तो सुरक्षितच आहे, त्यामुळं तंगी आली की कात्री लागती बारक्या हेडला (खर्चाच्या खात्याला), म्हणजे खोली दुरुस्ती, लाईट बिल, खडू-फळा. बजेट पुस्तकात तरतूद छापलेली असती पण बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाईन प्रणालीवर, निधीच सोडला नाही तर बिल निघणार कुठून? अन सोडला तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, मग खर्च कमी अन पळापळ जास्त.

शिक्षिका_बीड:
अगदी बरोबर सर. आमचा पट ६०, समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शाळा योजनेच्या नियमानं ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार संयुक्त अनुदान. त्यात लाईट, स्टेशनरी, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती सगळं आलं अन तेही एकदम हातात पडत नाही. आमचं मीटर कापलं होतं तेव्हा बिल आम्ही दोघी मॅडमनी भरलं कारण पोरं अंधारात बसलेली बघवत नव्हती.

तेरणामाई:
लाडकी बहीणला त्याच २०२५-२६ च्या बजेटात ३६ हजार कोटी ठेवले होते. आमच्या घरात पण १५०० येतात, दवाखान्याला लै आधार होतो, ते बंद करा असं मी म्हणणार नाही. पण नवीन योजना काढताना पैसा कुठून येणार ते त्याच दिवशी सांगायला पाहिजे. अन आपत्तीसाठी वेगळा पैसा नसतो का हो काका?

जुना_लेखनिक:
असतो ताई. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्र ७५ अन राज्य २५ टक्के टाकतं. पण त्याच्या निकषानं पीक नुकसानीची मदत २ हेक्टरपर्यंतच, आपल्या सरकारनं ३ केली, ते योग्यच केलं, पण वरचा भार राज्याच्या तिजोरीवर. ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आकस्मिकता निधी आहे पण ती उचल असती, नंतर विधिमंडळाची मंजुरी घेऊन परत भरावी लागती. माझं मत असं की जीएसटी चांगला जमा होतो त्या वर्षी ठरलेला हिस्सा बाजूला काढायचा अन त्याला दुसऱ्या कशासाठीच हात लावायचा नाही. मराठवाड्यात एक साल दुष्काळ एक साल पूर, हे आता अचानक आलेलं संकट राहिलं नाही. अन शाळेचा बिगरपगारी निधी जूनमध्येच पूर्ण सोडायचा, कारण आधीच खर्चलेला पैसा सप्टेंबरात कुणी वळवू शकत नाही.

मांजराकाठ:
जूनचा मुद्दा पटला काका. ग्रामसभेत तसा ठराव घेतो अन आमदारांना नेऊन देतो. मजकूर बघून देताल का? भिंतीचे फोटो पण जोडायलोय.