मलेशियात मॅच बघायची तर मामकवर, स्टेडियमला कशाला जाताय?

केएलचा_पक्या
जानेवारी जवळ आला की इथल्या मराठी मंडळींत तोच विषय, मलेशिया ओपन बॅडमिंटनची तिकिटं काढूया का, क्वालालंपूरला (आमचं केएल) बुकित जलीलच्या स्टेडियमवर कोण कोण येणार, गाडी कोणाची. माझं मत स्पष्ट आहे, नका काढू. मॅच मामकवर बघा. भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगतो, मामक म्हणजे तमिळ मुसलमानांची हॉटेलं, बरीचशी चोवीस तास उघडी, फुटपाथपर्यंत आलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर प्रोजेक्टरचा पडदा, आणि एक तेह तारिक, म्हणजे दुधाचा चहा, घेऊन दोन तास बसलात तरी कोणी ऊठ म्हणत नाही. हलाल म्हणून मलय येतात, दारू नाही म्हणून फॅमिलीवाले येतात, आणि चिनी, तमिळ, पंजाबी सगळेच येतात कारण रात्री एक वाजता गरम मॅगी गोरेंग दुसरं कोण देणार.

2016 च्या रिओ ऑलिंपिकला मलेशियाच्या ली चोंग वेईने बॅडमिंटनच्या सेमीफायनलला चीनच्या लिन दानला तिसऱ्या गेममध्ये 22-20 ने काढलं तेव्हा मी पीजेच्या (पेतालिंग जायाच्या) एका मामकवर होतो. वेटर हातातली रोटी चनाईची प्लेट घेऊन तसाच उभा, ज्याची रोटी तोही मागेना. दुसऱ्या दिवशी फायनलला चेन लाँगने 21-18, 21-18 असा सरळ हरवला, तिसरं ऑलिंपिक सिल्व्हर, आणि अनोळखी माणसं एकमेकांची समजूत काढत होती. असं काही स्टेडियममध्ये मिळत नाही, तिथे तुम्ही तुमच्या ग्रुपबरोबर जाता, तुमच्याच ग्रुपबरोबर बसता आणि एलआरटी ट्रेनच्या गर्दीत चेंगरत घरी येता. पैसे गेले ते वेगळेच.

शटलवेडा
पक्या, फुटबॉलचं म्हणत असशील तर ठीक, पण बॅडमिंटन टीव्हीवर कळतं असं म्हणणाऱ्याने बॅडमिंटन बघितलेलंच नाही. टीव्हीचा कॅमेरा मागून आणि उंचावरून असतो, त्यात स्मॅशचा वेग अर्धा मरतो आणि हवा तर अजिबात दिसत नाही. बुकित जलीलच्या अरेनामध्ये एसीच्या हवेमुळे शटल एका बाजूने लांब पळतं आणि दुसऱ्या बाजूने अडतं, ड्रिफ्ट म्हणतात त्याला. आत बसलं की पाच मिनिटांत कळतं की हा प्लेयर सारखं बाहेर का मारतोय, त्याला एंड बदलायची घाई का झालीये, तिसऱ्या गेमला 11 वर बाजू बदलल्यावर मॅच अचानक का फिरली. टीव्हीवर तेच बघून लोक म्हणतात, "काय फालतू चुका करतोय."

दुसरं म्हणजे पहिल्या दोन दिवसांत तीन-चार कोर्टवर एकदम मॅचेस चालू असतात. इकडे जागतिक क्रमवारीतला पहिला, तिकडे नावही न ऐकलेला कोणीतरी पोरगा जीव तोडून खेळतोय, आणि कुठल्या कोर्टकडे बघायचं ते तुम्ही ठरवता. मामकवर काय लावायचं ते मालक ठरवतो, आणि लिव्हरपूलची मॅच सुरू झाली की बॅडमिंटन गेलं खड्ड्यात.

सुबांगची_सुनेत्रा
पक्याभाऊ, हे मामकचं कौतुक नेहमी पुरुषच करतात हे तुमच्या लक्षात आलंय का? चॅम्पियन्स लीग इथे पहाटे तीन-चारला असते, त्या वेळी मामकवर किती बायका दिसतात तेवढं एकदा मोजा. 1 जानेवारी 2019 पासून खाण्याच्या ठिकाणी सिगरेट बंद आहे, तीन मीटर लांब जाऊन ओढा असा नियम आहे, पण मॅच रंगात आली की ते तीन मीटर आखडत आखडत आमच्या टेबलापाशी येतात. परत सगळा धूर माझ्या मुलीच्या तोंडावर.

उलट अरेनात मी मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना घेऊन बिनधास्त जाते. हवा भरलेल्या त्या काठ्या वाजवत पोरींनी "मलेशिया बोलेह" ओरडून घसा बसवून घेतला होता. पर्ली तान आणि तिनाह मुरलीधरन या मलेशियन जोडीला समोर खेळताना बघितल्यापासून आमच्याकडे शनिवारी सकाळी कोर्ट बुक करायला भांडणं आहेत. पडद्यावर बघून असं झालं नसतं, कारण पडद्यावर ती दिवसभर काही ना काही बघतच असते.

केएलचा_पक्या
सुनेत्राताई, पहाटे तीनचं सोडा, ते मान्य. पण मी संध्याकाळच्या मॅचबद्दल बोलतोय. 2022 चा फुटबॉल वर्ल्ड कप आठवा, कतारच्या वेळेमुळे इथे मॅचेस संध्याकाळी सहा, रात्री नऊ, बारा आणि तीनला होत्या. सहा आणि नऊच्या मॅचला आमच्या इथे आज्या होत्या, शाळेच्या गणवेशातली पोरं होती. मलेशिया त्या स्पर्धेत नव्हताच, तरी.

शटलवेड्या, ड्रिफ्ट वगैरे ठीक आहे रे, पण किती जणांना ते कळतं? बाकीचे वरच्या रांगेत बसून मोबाइलवर स्कोअर बघत असतात.

जेबी_बंडू
इथे कोणी आमच्या जोहोर राज्याचं बोलतच नाहीये म्हणून लिहितो. "मलेशिया नव्हताच, तरी", हे पक्याने स्वतःच लिहिलं ते बरं केलं. दुखणं तेच आहे. मामकवर लोक कोणाची मॅच बघतात? मँचेस्टरची, लिव्हरपूलची, आर्सेनलची. आयुष्यात इंग्लंड न बघितलेला माणूस तिथल्या रेफरीला तमिळमध्ये शिव्या घालतो, आणि आपल्या राज्याचा गोलकीपर कोण हे त्याला माहीत नाही. 1921 पासून चालू असलेला फुटबॉलचा मलेशिया कप आहे, शंभर वर्षांपेक्षा जुना, एके काळी त्याच्या फायनलसाठी गावंच्या गावं बसने राजधानीला जायची. आता मामकच्या पडद्यावर तो दिसला तर मला दाखवा.

आमच्याकडे इस्कंदर पुतेरीत सुलतान इब्राहिम स्टेडियम 2020 ला उघडलं. जेडीटीची, म्हणजे आमच्या जोहोरच्या फुटबॉल क्लबची, मॅच असली की तिथे काय वातावरण असतं ते येऊन बघा, ड्रमवाले नव्वद मिनिटं थांबत नाहीत, अख्खा स्टँड उभा. माझ्या शेजारी बसणारा चिनी म्हातारा आहे, टायरच्या दुकानाचा मालक, मला मलय धड येत नाही, त्याला इंग्रजी येत नाही, गोल झाला की मात्र पाठीत असा धपाटा घालतो की दोन दिवस दुखतं. स्टेडियमला फक्त मलय पोरं जातात हे केएलवाल्यांचं ज्ञान केएलमध्येच ठेवा.

केएलचा_पक्या
ते शब्द मी लिहिलेच नाहीत बंडू, पण असो. जेडीटी 2014 पासून दरवर्षी लीग जिंकतंय. दरवर्षी! मागे राजघराणं, पैसा त्यांचा, परदेशी खेळाडू त्यांचे. निकाल आधीच माहीत असलेली मॅच बघायला मी तिकीट का काढू? लोक मामकवर इंग्लंडची लीग बघतात कारण तिथे कोण जिंकेल सांगता येत नाही, एवढं साधं आहे. आणि तिकीट महाग झालं की इथला माणूस येत नाही हे सेपांगच्या रेस ट्रॅकवर दिसलंच की, 1999 ला एफवन आणलं, कोण कौतुक होतं, आणि 2017 ला बंद केलं कारण खर्च वाढत गेला आणि तिकिटं खपेनात.

जेबी_बंडू
आणि त्याच सेपांगला मोटोजीपी अजून तुफान गर्दीत चालू आहे ते सोयीस्कर विसरलास. का? कारण इथल्या घराघरात कापचाई आहे, म्हणजे आपली शंभर-सव्वाशे सीसीची बाइक. पोरगं शाळेत जायच्या आधीपासून त्यावर बसतं. लोकांना स्वतःचं वाटतं तिथे लोक पैसे देतात, उन्हात बसतात, पावसात भिजतात.

अजून एक. 2010 ची एएफएफ फायनल, म्हणजे आग्नेय आशियाचा फुटबॉल कप, पहिला लेग बुकित जलीलला, मलेशियाने इंडोनेशियाला 3-0 ने मारलं, स्टँडमधून लेझर मारले म्हणून त्यांचे खेळाडू मध्येच मैदान सोडून गेले होते. लेझर मारणं चूकच, त्याचं समर्थन नाही. पण जकार्तात दुसरा लेग 2-1 ने हरूनही कप मलेशियाचा झाला आणि सरकारने 31 डिसेंबरची सुट्टी जाहीर केली. तो पहिला लेग ज्याने आत बसून बघितला तो अजून सांगतो. मामकवर बघितलेल्याला विचार, तो आधी कुठल्या मामकवर होता ते आठवत बसेल.

पेनांगकर
तुम्ही दोघं तिकीट आणि पडदा यातच अडकलात. लाइव्ह बघायचं ना, मग चिनी सातव्या महिन्यात, साधारण ऑगस्टमध्ये, जॉर्जटाउनला या. हंग्री घोस्ट महिना असतो, गल्लीत स्टेज उभं राहतं, हॉक्किएन या चिनी बोलीतली गाणी, चमचमते ड्रेस, मध्येच चावट विनोद, कीबोर्डवाला अर्धा झोपेत. गेताई म्हणतात त्याला. एक पैसा लागत नाही. पहिली रांग रिकामी ठेवायची, ती पितरांसाठी आणि भटकणाऱ्या भुतांसाठी, तिथे चुकूनही बसायचं नाही. आमच्या मावशी पहिल्यांदा आल्या होत्या, त्यांनी "अगंबाई पुढे जागा आहे की" म्हणून थेट पहिल्या रांगेत पिशवी ठेवली. कोणी ओरडलं नाही, एका आजीबाईंनी हाताला धरून हसत मागे आणलं आणि स्वतःची खुर्ची दिली.

कुडाळी_माणूस
पेनांगकरांशी सहमत, पण फुकटचा कार्यक्रम इथे सगळीकडे सुखाने होतो असं समजू नका. मी कामासाठी कोता बारूला होतो. केलांतानचा वायांग कुलित, चामड्याच्या बाहुल्या, पांढरा पडदा, मागे दिवा, एकटा दालांग सगळ्या पात्रांचे आवाज काढतो, बाजूला सनईसारखं सेरूनाई. गोष्ट कोणाची तर श्रीरामाची, सेरी रामा. आमच्या पिंगुळीचे ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्यांवर रामायणच लावतात, त्यामुळे भाषा न कळता मला अर्ध्याहून जास्त कळत होतं. मध्येच पाक डोगोल आणि वाक लाँग हे विदूषक येऊन गावातल्या भानगडी काढतात, तेव्हा बाकीचे हसून लोळत होते आणि मी बघत बसलो.

पण 1990 च्या सुमारास तिथल्या पास या इस्लामी पक्षाच्या सरकारने हे आणि माक योंग हे नृत्यनाट्य दोन्ही धर्मात बसत नाही म्हणून बंद केलं होतं. माक योंगला 2005 ला युनेस्कोने गौरवलं तरी घरच्या राज्यात बंदीच, ती 2019 ला अटी घालून उठवली. एवढ्या वर्षांत म्हातारे कलाकार गेले आणि शिकणारी एक पिढी अशीच गेली. कुठे बसून बघायचं हे भांडण आपल्याला परवडतं, तिथे बघायला मिळतंय का हाच प्रश्न होता.

सुबांगची_सुनेत्रा
कॉन्सर्टचंही तेच चाललंय ना. जुलै 2023 ला सेपांगच्या फेस्टिव्हलमध्ये एका इंग्लिश बँडच्या गायकाने स्टेजवर सरकारला शिव्या घातल्या आणि सोबतच्या पुरुषाचं चुंबन घेतलं, झालं, उरलेले दिवस रद्द. तो दुसऱ्या दिवशी विमानात बसून गेला, मार खाल्ला तो पुढच्या दिवशी गाणार असलेल्या इथल्या मुलांनी आणि स्टॉल लावलेल्या लोकांनी. त्यानंतर आयोजकांना किल स्विच ठेवायला सांगितलं, म्हणजे काही वावगं झालं तर वीजच तोडायची. नोव्हेंबरला बुकित जलीलला कोल्डप्ले झालं तेव्हा आम्ही गेलो होतो, आमच्या मागचा एक जण प्रत्येक गाण्यानंतर "अजून वीज आहे, अजून वीज आहे" करत होता. मजा आली, पण राग पण आला.

केएलचा_पक्या
विषय मॅचचा होता हो. तरी माझाच मुद्दा सिद्ध होतोय, मामकच्या पडद्याला परवानगी लागत नाही आणि किल स्विच नाही.

शटलवेडा
परवानगी लागत नाही हे कोणी सांगितलं? हॉटेलवाल्याला घरचं कनेक्शन लावून चालत नाही, धंद्याचं वेगळं आणि महाग घ्यावं लागतं. तू एक तेह तारिक घेऊन दोन तास बसतोस त्याचे पैसे नासी कांदार खाणारा भरतो.

आणि मामकची एकी वगैरे मी पण अनुभवली आहे. ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिकची बॅडमिंटन डबल्सची क्वार्टरफायनल, आपला मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्विक विरुद्ध मलेशियाचे ॲरन चिया आणि सो वूई यिक. पहिला गेम 21-13 आपण जिंकलो, मी उठून ओरडलो, अख्ख्या मामकमध्ये मी एकटा. पुढचे दोन हरलो. बिल द्यायला गेलो तर काउंटरवरचा आण्णे म्हणतो, "बॉस, आज डबल बिल." गंमत अशी की चिराग-सात्विकची जोडी जमवली ती तान किम हर या मलेशियन कोचनेच. म्हणजे आपली पोरं घडवली पण यांनीच आणि घरी पाठवली पण यांनीच. याच जोडीला जानेवारी 2024 ला बुकित जलीलच्या त्याच अरेनात मलेशिया ओपनची फायनल खेळताना मी बघितलंय, चिनी जोडीकडून हरले, पण त्या दिवशी आजूबाजूचे मलेशियन आपल्या पोरांसाठी ओरडत होते. सांग आता, एकी कुठे जास्त होती?

केएलचा_पक्या
चीन समोर असला की इथले कोणासाठीही ओरडतील, त्यात एकी नाही, लिन दानचा जुना हिशोब आहे. 2012 ला लंडन ऑलिंपिकच्या फायनलला तिसरा गेम 21-19 ने गेला ते कोणी विसरलेलं नाही.

जेबी_बंडू
म्हणजे उत्तर नाहीये.

सुबांगची_सुनेत्रा
पक्याभाऊ, आम्ही मंगळवारी पहिल्या फेरीला चाललोय, सकाळपासून, डबे घरून नेऊन बाहेर खाणार कारण आत खाणं नेऊ देत नाहीत. गाडीत एक जागा आहे. यायचं असेल तर आजच सांगा, नाहीतर ती जागा शटलवेड्यांना देते.

केएलचा_पक्या
डब्यात काय आहे त्यावर अवलंबून. आणि संध्याकाळच्या मॅचेस सुरू होण्याआधी मी मामकवर उतरणार, मला कोणी अडवायचं नाही.