मदत हवी आहे : कृषी केंद्राच्या काउंटरवरील मुलांना ग्राहकसेवा कशी शिकवावी?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे कृषी केंद्र, म्हणजे बियाणे, खते आणि कीटकनाशकांचे दुकान आहे. काउंटरवर तीन मुले असतात. तिघेही शेतकऱ्याच्या घरातले आणि हिशेबाला चोख. मृग लागण्याआधी त्यांना रीतसर प्रशिक्षण द्यायचे आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला मागत आहे.

नुसते गोड बोलणे मला अपेक्षित नाही. शेतकरी रुमालात पऱ्हाटीचे (कपाशीचे) पान बांधून आणतो, ते काउंटरवर पसरतो आणि विचारतो, "भाऊ, यावर काय मारू?" मुलगा पानाकडे ओझरते पाहतो, बाटली काढतो आणि सांगतो, "पंपाला दोन झाकणं टाका." पंप किती लिटरचा, हाताचा की पेट्रोलचा, आधी काय फवारले, यांपैकी काहीच विचारले जात नाही, शिवाय प्रत्येक बाटलीच्या झाकणाचे माप वेगळे असते. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यामागची कारणे अनेक होती, परंतु हातमोजे, तोंडावरचे फडके, वाऱ्याची दिशा आणि लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग यांविषयी विक्रेत्याने आपणहून दोन वाक्ये बोलणे हा माझ्या दृष्टीने सेवेचा गाभा आहे. लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हा क्रम मुलांना तोंडपाठ आहे. तो गिऱ्हाइकाला समजावून सांगण्याची सवय मात्र नाही.

दुसरी गोष्ट मला फार खटकते. स्वतः शेती पाहणाऱ्या बाया दुकानात येतात, तेव्हा मुले त्यांच्याशी तुटक बोलतात आणि सोबत एखादा पुतण्या असला की सगळे त्यालाच सांगतात.

हैदराबादच्या 'मॅनेज' या कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेचा 'देसी' हा निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम मी पूर्ण केला आहे. पीक, कीड, खते आणि कायदे यांची त्यातून उत्तम जाण आली. पण तो विक्रेत्यासाठी आहे आणि काउंटरवर उभी राहतात ती मुले. पहिला दमदार पाऊस झाला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. युरियासाठी पॉस मशीनवर (विक्री नोंदवण्याच्या यंत्रावर) शेतकऱ्याला अंगठा लावावा लागतो, कामाने झिजलेले ठसे उमटत नाहीत, नेट जाते, रांग वाढते आणि मुलांचा आवाज चढतो. शिकवलेले नेमके तेव्हाच टिकले पाहिजे.

बक्षिसाचाही पेच आहे. पिकांच्या वाढीचे टॉनिक खपवल्याबद्दल कंपन्यांचे काही प्रतिनिधी मुलांना परस्पर बक्षिसे देऊ करतात. "आज फवारणीची गरज नाही, काका, चार दिवसांनी पुन्हा पान घेऊन या," असे सांगणाऱ्या मुलाची त्या दिवशीची विक्री कमी दिसते, पण तोच शेतकरी पुढच्या हंगामात बियाण्यासाठी आपल्याकडे येतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून बक्षीस विक्रीवर न ठेवता दुसऱ्या कशावर ठेवता येईल? गिऱ्हाईक परत आल्याची नोंद कोणी ठेवता का, आणि ती कशी?

मे महिन्यात दुपारी दुकान रिकामे असते. तेव्हा एकाने शेतकरी व्हायचे आणि दुसऱ्याने विक्रेता, असा सराव घेण्याचा विचार आहे. वणी, पुसद, वर्धा किंवा अकोल्याकडे कोणी असे केले असल्यास, पान हाती आल्यावर विचारायच्या प्रश्नांचा तुमचा क्रम आणि काउंटरवर लावलेला तक्ता असल्यास त्याचा मजकूर कृपया येथे द्यावा.