मदत हवी आहे: आत्याच्या चामड्याच्या जुन्या बॅगेवर पांढरं आलंय, रविवारच्या आत काढायचंय

सज्जनगड_पायथा
कुणाला चामड्यातलं कळत असेल तर लवकर सांगा. आत्याची जुनी हँडबॅग आहे, खऱ्या चामड्याची. माळ्यावरच्या ट्रंकेतून काढली तर झाकणावर सगळीकडे पांढरट थर आणि आत कुबट वास. फडक्याने पुसलं की जातं आणि थोड्या दिवसांनी परत येतं. रविवारी कराडला तिच्या नातीचा साखरपुडा आहे. आत्या आता नाही, म्हणून ही बॅग मला नातीच्या हातात द्यायची आहे. नेटवर कुणी व्हिनेगर सांगतं, कुणी टूथपेस्ट, कुणी लहान मुलांचे वाइप्स. नक्की काय लावू? घरच्या घरी होईल असंच सांगा, पुण्याला पाठवायला वेळ नाही.

पोवईनाका
रंग कोणता? फोटो टाका ना. आणि चामडं आहे हे कशावरून? जुन्या बॅगा म्हणून जपलेल्या निम्म्या रेक्झिनच्या निघतात. रेक्झिनचे पापुद्रे सुटायला लागले की कशानेच सुधारत नाही, आधी ते बघून घ्या.

सज्जनगड_पायथा
फोटो चढत नाहीयेत. चामडंच आहे हो, वासावरून कळतं. पापुद्रे वगैरे काही नाही. रंग तपकिरी. काय लावायचं ते सांगा फक्त.

खटपट्या_काका
ताई, सोपं आहे. साताऱ्याच्या पावसात कपाटातल्या पट्ट्यांना, बुटांना येते तीच ही बुरशी. अर्धं पांढरं व्हिनेगर, अर्धं पाणी, त्यात फडकं पिळून पुसून घ्या. वाळलं की खोबरेल चोळा, दोन हात द्या. माझा कमरेचा पट्टा याच उपायावर वर्षानुवर्षं चाललाय. चामड्याला तेल लागतंच.

औषध_दुकान
व्हिनेगर नको, वास राहतो. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कुठल्याही मेडिकलमध्ये मिळेल. कापसाच्या बोळ्याने पुसा, बुरशी मरते आणि लगेच सुकतं. तोंडाला मास्क लावा, खिडकीत बसून करा. हॅंडलपासून झाकणापर्यंत सगळी बॅग पुसून घ्या.

मिरजमार्गे
उन्हात मात्र ठेवू नका. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत आमच्या गल्लीत लोकांनी भिजलेल्या चामडी बॅगा गच्चीवर वाळत घातल्या होत्या. चार-पाच उन्हं लागली आणि पापडासारख्या कडक झाल्या, दुमडल्या तिथे चिरल्या. सावलीत, पंख्याखाली, तोंड उघडं ठेवून, आत पांढरे कागद कोंबून. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

सज्जनगड_पायथा
भिजलेली नाहीये. कोरडीच आहे. अल्कोहोल आणायला माणूस पाठवतेय, आज रात्री पुसून टाकते.

हिरडा_बाभूळ
ताई, थांबा. आज रात्री काही पुसू नका. आधी एवढं सांगा: झाकणावर एकच रंग आहे की नक्षी आहे? कडा मशीनने शिवल्यात की चामड्याच्याच वादीने ओवल्यात? कधीकाळी तेल लावलं होतं का? आणि पट्ट्याची कापलेली कड नीट उजेडात बघा, आतपर्यंत तपकिरी आहे की मध्ये निळसर-करडी? निळसर असेल तर क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, आतपर्यंत तपकिरी असेल तर झाडाच्या सालीने. दोघांचा इलाज वेगळा. आमच्या घरात तीन पिढ्या चपला होतात, म्हणून विचारतोय.

खटपट्या_काका
बुरशी ती बुरशी. एवढी चौकशी कशाला? रविवार जवळ आलाय त्यांचा.

सज्जनगड_पायथा
नक्षी आहे की! उठावाची फुलं आणि वेलबुट्टी, लाल-हिरवा-काळा रंग भरलेला. कडा बारीक चामडी दोरीने ओवलेल्या आहेत. कड आतपर्यंत तपकिरी. तेलाचं म्हणाल तर घरात आजी सगळ्या चामडी वस्तूंना खोबरेल लावून ठेवायची, हिलाही लावलं असणारच. आत्या शिक्षिका होती, १९७० च्या आसपास कलकत्त्याला गेली होती, तिथून आणलेली. याचा पांढऱ्या थराशी काय संबंध?

हिरडा_बाभूळ
पुष्कळ संबंध आहे. ही बंगालातल्या शांतिनिकेतनची बॅग दिसतेय. शेजारच्या श्रीनिकेतनात १९२२ पासून ग्रामोद्योगाचं काम सुरू झालं आणि रवींद्रनाथांचे चिरंजीव रथींद्रनाथ ठाकूर व सून प्रतिमादेवी यांनी तिथे हे चामडीकाम रुजवलं. त्या बॅगांना पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. मेंढीचं-बकरीचं पातळ कातडं असतं, सालीने कमावलेलं. ओल्या कातड्यावर नक्षी दाबून उठवतात आणि मग हाताने रंग भरतात. त्यातले पारंपरिक रंग स्पिरिटमध्ये कालवलेले असतात. म्हणजे तुम्ही अल्कोहोलचा बोळा त्या लाल फुलावरून फिरवला असता तर बुरशीच्या आधी फूल बोळ्यावर आलं असतं. ते परत भरता येत नाही. व्हिनेगर-पाणीही नको. सालीचं कातडं पाण्याचा थेंब पिऊन काळं पडतं आणि डाग तसाच राहतो.

आता पांढऱ्याचं. ती बुरशी असेलच असं नाही. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, बाटलीत बघताच तुम्ही. जास्त तेल प्यायलेल्या कातड्यातले घट्ट होणारे अंश थंडीत वर येऊन पांढरी साय धरतात. पुसलं की जातं आणि परत येतं, हे तुमचंच वर्णन त्याला जुळतं. परीक्षा सोपी आहे. हेअर ड्रायर सगळ्यात कमी गरमवर, वीतभर लांबून, झाकणाच्या एका कोपऱ्यावर थोडा वेळ फिरवा. पांढरं विरघळून दिसेनासं झालं तर तेल. तसंच राहिलं, किंवा भिंगातून तंतू आणि केसाळ ठिपके दिसले, तर बुरशी. बुरशीवर ड्रायरचा जोर करू नका, कण घरभर उडतात.

खटपट्या_काका
तेल वाईट कसं? आमच्याकडे कोल्हापुरीला पावसाळ्याआधी तेल पाजायचे. चपला दहा-दहा वर्षं टिकायच्या.

हिरडा_बाभूळ
काका, कोल्हापुरीचा तळ म्हशीचा-बैलाचा, जाडजूड, चिखलात चालायचा. त्याला तेल पाजणं बरोबरच. हे कागदाएवढं पातळ कातडं आहे आणि ट्रंकेत बसून आहे. कमावणं मात्र दोन्हीकडे झाडपाल्याचं, साल आणि हिरडा. खोबरेल पुढे खवट होतं, कातडं काळवंडतं, आणि तेलकट जागी धूळ बसून बुरशीलाही खाऊ मिळतो.

कृष्णाकाठ_४५
कोल्हापुरीवरून आठवलं, तिचं भौगोलिक मानांकन फक्त कोल्हापूरचं नाही बरं का. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे आहेत त्यात. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला आपल्या कारागिरांचं नाव नव्हतं, तेव्हा सगळ्यांना राग आला. पण आपल्याच जिल्ह्यात हे काम करणारे किती उरलेत, ते कुणी विचारत नाही.

मिरजमार्गे
अगदी खरं. मिरजेत तंतुवाद्य करणाऱ्यांचं तेच. हातातलं काम पुढच्या पोरांना नको असतं, कारण त्यात पैसे नाहीत.

जुना_बाजार
ताई, विकायची असेल तर साफ करू नका. जुन्या वस्तू घेणारे मूळ स्थितीत मागतात. पाया, चेन, आतला शिक्का यांचे जवळून फोटो काढा, किंमत कशी ठरवायची ते सांगतो.

सज्जनगड_पायथा
विकायची नाहीये. वर लिहिलंय मी, नातीला द्यायची आहे.

ड्रायरचं करून बघितलं. झाकणावरचं पांढरं खरंच विरघळलं! खालचा लाल एकदम वर आला, मला वाटलं होतं तो विटलाय. पण नक्षीच्या खोबणीत अजून आहे. आणि आतल्या कप्प्याच्या तळाशी गेलं नाही, तिथे करडे ठिपके आहेत आणि वास तिथलाच येतोय. शिवाय पितळी बटणाभोवती हिरवं मेणासारखं काहीतरी जमलंय. ते चिंचेने घासू का?

औषध_दुकान
नक्षीचं माहीत नव्हतं, त्यावर अल्कोहोल नको हे मान्य. पण आतल्या ठिपक्यांना चालायला हरकत नाही.

हिरडा_बाभूळ
आत रंग नसेल तर चालेल, पण आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या काडीने एक टिपका लावून बघा. कापूस पांढरा राहिला तरच पुढे. त्याआधी बॅग अंगणात न्या, मास्क बांधा, जुन्या दाढीच्या ब्रशने ठिपके कोरडेच बाहेर झाडा. नंतर काडी अल्कोहोलमध्ये बुडवून, टिपून घेऊन, फक्त ठिपक्यावर. चोळायचं नाही. मग सावलीत वाऱ्याला उघडी ठेवा. कुबट वास एका दिवसात जाणार नाही, कमी होईल.

खोबणीतल्या सायीसाठी ड्रायरची किंचित ऊब द्या आणि मऊ जुन्या सुती फडक्याचं टोक बोटावर गुंडाळून टिपा. फडकं दर वेळी बदला, नाहीतर तेच तेल परत पसरतं. हे एका बैठकीत संपत नाही, थंडीत थोडं परत येईल, परत टिपायचं. वरून पॉलिश, क्रीम, व्हॅसलीन काही लावू नका.

हिरवं म्हणजे पितळेतलं तांबं आणि कातड्यातलं तेल यांचं मिळून झालेलं. कोरड्या टूथपिकने खरवडून काढा आणि कापडाने पुसा. चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही कातड्याजवळ नको. आंबट पाणी शिवणीत उतरतं आणि पावडर खोबणीत बसते.

पोवईनाका
पट्टा कसा आहे? सगळे झाकणाचंच बोलताय. बॅग हातात देणार आणि ती खांद्याला लावणार.

सज्जनगड_पायथा
पट्ट्याचं विचारलंत ते बरं झालं. कडीजवळ हात लावला की बोटाला तांबूस पावडर लागते. मला वाटलं धूळ आहे, म्हणून लिहिलं नव्हतं.

खटपट्या_काका
मग तिथे तरी तेल हवं. कोरडं पडलंय ते.

हिरडा_बाभूळ
नाही काका. कोरडेपणा वेगळा आणि हे वेगळं. सालीचं कातडं वर्षानुवर्षं हवेतलं आम्ल शोषून आतून कुजतं, त्याचे तंतू तुटतात आणि तांबडी भुकटी होते. तेलाने तंतू परत जुळत नाहीत. पाणी लागलं तर तो भाग काळा आणि ठिसूळ होतो, म्हणून तिथे ते ७० टक्क्यांचं अल्कोहोलही नको, त्यात पाणी असतं. जुन्या पुस्तकांच्या चामडी बांधणीला हाच रोग होतो. तिथे हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज निव्वळ अल्कोहोलमध्ये पातळ विरघळवून लावतात, भुकटी बसते. पण रंगीत नक्षीशेजारी हे घरी पहिल्यांदाच करू नका आणि रविवारच्या घाईत तर नकोच. त्याने भुकटी थांबते, ताकद येत नाही.

म्हणून पट्ट्यावर वजन टाकायचं नाही. नातीला तेवढं नक्की सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी मोबाईल आणि पाण्याची बाटली भरेल आणि कडीजवळ तुटेल.

सज्जनगड_पायथा
मग पट्टा बदलून घेऊ? साताऱ्यात कोण करेल?

हिरडा_बाभूळ
बॅगवाल्याकडे नका नेऊ, तो मशीनखाली घालेल आणि सुई मूळ कातड्याला नवी भोकं पाडेल. हाताने वादी ओवणारा चपलावाला बघा. त्याला सांगा, बॅगेला एकही नवीन भोक नको, जुन्याच कडीतून नवा पट्टा ओवून द्या. सालीने कमावलेलं बकरीचं कातडं मागा, रंग न दिलेलं, वर्षभरात ते बॅगेच्या रंगाकडे येतं. जुना पट्टा फेकू नका, सुती कापडात गुंडाळून बॅगेतच ठेवा. आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून भेट देऊ नका. उशीचा जुना धुतलेला अभ्रा उत्तम.

कृष्णाकाठ_४५
पावसाळ्यात कुठे ठेवायची तेही सांगा त्यांना. सातारा-महाबळेश्वर पट्ट्यात कपाटात काहीच कोरडं राहत नाही.

हिरडा_बाभूळ
हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीचा धोका. सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवा आणि अधूनमधून बदला. बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटात ठेवू नका. डांबर गोळ्यांनी बुरशी थांबत नाही, नुसता वास बसतो. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे ती वापरा, महिन्यातून एकदा तरी. रुमाल, पाकीट, एवढंच ठेवून.

सज्जनगड_पायथा
झालं. ठिपके निघाले, वास बराच उतरलाय. कापूस पांढराच राहिला. खोबणीतलं अजून थोडं आहे, ते तसंच ठेवतेय. शाहूपुरीत एक चपलावाले काका मिळाले, त्यांनी बॅग हातात घेऊन आधी कडा बघितल्या आणि म्हणाले, मशीन लावणार नाही. शनिवारी संध्याकाळी पट्टा देतील. जुना पट्टा अभ्र्यात ठेवला आहे. नातीसाठी वजनाचं आणि तेलाचं चिठ्ठीवर लिहून आतल्या कप्प्यात घातलंय, कारण घरातलं कुणीतरी तिला खोबरेल लावायला सांगणारच. हिरडा_बाभूळ, मनापासून आभार.

नवखी_गृहिणी
माझ्या सोफ्यालाही असंच पांढरं आलंय, सोफा क्रीम रंगाचा आहे. ड्रायर चालेल का?

पोवईनाका
सोफा चामड्याचा की रेक्झिनचा?