पहिली आरशाची दुर्बीण: ११४, १३० की १५० मिमी?

कृत्तिका_वाई
नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर १० बाय ५०च्या बायनॉक्युलरने आकाश बघतेय. नक्षत्रं ओळखता येतात, देवयानी दीर्घिका सहज सापडते. आता आरशाची दुर्बीण घ्यायची आहे आणि तीन पर्यायांत अडकले आहे. एक ११४ मिमी व्यासाच्या आरशाची, १००० मिमी नाभीय अंतराची (प्रकाश एकत्र यायला लागणारं अंतर), इक्वेटोरियल माउंटवर, म्हणजे आकाशाच्या फिरण्याशी जुळणाऱ्या तिरप्या अक्षाच्या बैठकीवर. दुसरी १३० मिमीची, ६५० नाभीय अंतराची, टेबलावर ठेवायची छोटी डॉब, म्हणजे हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरची. तिसरी १५० मिमीची, १२०० नाभीय अंतराची, जमिनीवरची डॉब. दुकानदाराचा आग्रह पहिलीचा आहे. नळी आखूड आणि ५०० पट मोठं दिसतं, असं तो सांगतो.

घर वाईत, गावाच्या कडेला. गच्ची दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कठडा कमरेइतका. मुलगी आठवीत आहे, तिलाही एकटीने लावता यायला हवी. ग्रह तर बघायचेच आहेत, पण मला ओमेगा सेंटॉरी या गोलाकार तारकागुच्छाची खरी ओढ आहे. बायनॉक्युलरमधून तो नुसता धूसर गोळा दिसतो.

मूळ_नक्षत्र
ताई, १५० घ्या. ओमेगा सेंटॉरीचं नाव काढलंत, तिथेच माझ्यापुरता निर्णय झाला.

आधी ती ११४ बाजूला करू. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत नळी साधारण नाभीय अंतराएवढी लांब असते. इथे नळी अर्ध्या मीटरची आणि नाभीय अंतर १००० मिमी. हे जमवायला फोकसरमध्ये (डोळ्याकडचं भिंग, म्हणजे आयपीस, बसतं ती छोटी नळी) आणखी एक भिंग बसवलेलं असतं. स्वस्त दुर्बिणींत ते भिंग आणि आरसा एकमेकांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे जास्त पटीवर शनी पिठूळ दिसतो. शिवाय त्या भिंगामुळे आरसे जुळवणं, म्हणजे कोलिमेशन, नवख्याला फार त्रासाचं होतं. ५०० पटीचं तर विसराच. आरशाच्या मिलिमीटरच्या दुप्पट ही वरची मर्यादा धरतात, म्हणजे ११४ला सव्वादोनशेच्या आसपास, आणि तेही हवा अगदी स्थिर असेल त्या रात्री.

इक्वेटोरियल माउंटबद्दल आपल्याकडे एक वेगळी अडचण येते. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि वाईतून ध्रुवतारा जेमतेम १८ अंशांवर आहे. अक्ष इतका खाली झुकवला की काही माउंटचं समतोलाचं वजन तिपाईच्या पायाला अडतं. आठवीतली मुलगी डॉब पाच मिनिटांत शिकेल: डावी-उजवी, वर-खाली, बस्स. डॉब ग्रहामागे आपोआप फिरत नाही हे खरं. १२० पटीला गुरू दीड-पावणेदोन मिनिटांत दृश्यातून बाहेर जातो आणि हाताने ढकलत राहावं लागतं. ती सवय लवकर होते.

आता १५०. तिचा आरसा ११४च्या पावणेदोन पट प्रकाश गोळा करतो. १२०० नाभीय अंतर भागिले १५० म्हणजे एफ ८. कोलिमेशन थोडं हललं तरी ती सांभाळून घेते, १३०सारखी एफ ५ची दुर्बीण तितकी क्षमाशील नसते. सोबत मिळणाऱ्या २५ आणि १० मिमीच्या आयपीसने ४८ आणि १२० पट मिळतात. ४८ला गुरूचे पट्टे आणि चारही मोठे चंद्र, १२०ला शनीची कडी. ही कडी मार्च २०२५मध्ये आपल्याला अगदी काठावरून दिसत होती, आता ती २०३२पर्यंत उघडत जाणार आहेत. सुरुवात करायला उत्तम काळ आहे.

आणि ओमेगा सेंटॉरी. मे महिन्यात रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेला बघा. वाईतून तो साधारण २४ अंश उंच चढतो. लंडनहून तो क्षितिजावर येतच नाही, आपल्याला गच्चीवरून मिळतो. डॉब कठड्यापासून दोन पावलं मागे ठेवलीत तरी आड काही येणार नाही. आधी ४८ पटीने शोधा, मग १० मिमी लावा आणि डोळा अंधाराला सरावू द्या. धूसर गोळ्याच्या कडा फुटू लागतात, मग आतपर्यंत बारीक ताऱ्यांचा सडा दिसतो. मी आता आठ इंची वापरतो, पण तो गुच्छ पहिल्यांदा असा फुटलेला पाहिला तो सहा इंचीतूनच, म्हणजे १५० मिमीतूनच. ताई, यासाठी आरसा मोठा हवाच.

वजन पंधरा किलोच्या आसपास. नळी आणि बैठक वेगळी होते, दोन फेऱ्यांत गच्चीवर जाईल.

ठाणेकर_गच्ची
१३०ची बाजू मी मांडतो. माझ्याकडे तीच आहे आणि मला ती प्रिय आहे. ठाण्यातून तेजोमेघ बघणं अवघड, म्हणून दुर्बीण गाडीच्या मागच्या सीटवर टाकून अंधारासाठी वांगणी गावाकडे न्यावी लागते. १५०ची सव्वा मीटर नळी माझ्या गाडीत मावणार नाही. २५ मिमीच्या आयपीसने २६ पट आणि जवळजवळ दोन अंशांचं दृश्य मिळतं, कृत्तिका अख्ख्या मावतात. पण तिला भक्कम स्टूल लागतं, डगमगणाऱ्या टेबलावर सगळं थरथरतं. तुमची गच्ची घरचीच आणि आकाश काळं असेल तर मूळ_नक्षत्र म्हणतात तेच बरोबर.

चित्रा_स्वाती
घेण्याआधी एकदा डोळा लावून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४पासून लोकांना आकाश दाखवते आहे आणि मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम होतात. अशा ठिकाणी वेगवेगळ्या दुर्बिणी शेजारी शेजारी बघायला मिळतात.

वाईच्या पावसाळ्याचाही विचार करा. जून ते सप्टेंबर दमट हवेत आरशावर बुरशी धरते. दोन्ही टोकांना झाकण, आत सिलिका जेल, आणि दुर्बीण कोरड्या खोलीत. धूळ दिसली म्हणून आरसा फडक्याने पुसायचा नाही. अॅल्युमिनियमचा थर काचेच्या वरच्या बाजूला असतो, लगेच ओरखडे पडतात. थोड्या धुळीने चित्र बिघडत नाही.

कृत्तिका_वाई
सगळ्यांचे आभार. १५० नक्की केली. सोबत आणखी काय घेऊ? दुकानदार बार्लो (पट वाढवणारं भिंग) आणि फिल्टरचा संच सुचवतोय.

मूळ_नक्षत्र
सध्या दोन्ही नको. कोलिमेशनची भोक असलेली टोपी घ्या, ती स्वस्त असते. पुढे पैसे जमले की ३२ मिमीचा प्लॉसल प्रकारचा आयपीस घ्या, वस्तू शोधायला सोपं जातं. रोज बघण्याच्या अर्धा तास आधी नळी गच्चीवर ठेवा, आरसा हवेच्या तापमानाला आला की प्रतिमा स्थिर होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी, सूर्य पूर्ण मावळल्यावर, उजेड असतानाच दूरच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर फाइंडर (नळीवरची छोटी शोधक दुर्बीण) जुळवून घ्या. आणि मुलीला आधीच बजावा, दिवसा नळी सूर्याच्या दिशेला कधीही वळवायची नाही. क्षणभरही नाही, फाइंडरमधूनही नाही.